गेल्या मार्चचा भाव

रविवार, ११ जून

आजची बैठक नेहमीप्रमाणे डेंटिस्टच्या दवाखान्यात. रविवारी दवाखाना बंद असतो आणि पंखा फुकट मिळतो. खुर्च्या तीन, माणसं चार, म्हणून एकाला पेशंटच्या आडव्या खुर्चीत बसावं लागतं. ज्याला शेअर विकायचे असतात त्याच्यावरच ही पाळी कशी येते, देव जाणे. आज धाकटी होती. पाय वर आणि डोकं मागे अशा अवस्थेत माणूस वाद तरी काय घालणार?

नवी वही आहे, म्हणून पहिल्यापासून लिहितो. धाकटी म्हणजे माझी बहीण. डेंटिस्ट माझा जुना दोस्त. तिसऱ्या बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही नुसतं बाईच म्हणतो. चौघांनी मिळून सोडावाल्याच्या कंपनीत पैसे घातले. आलं-लिंबाचा सोडा. तेव्हा त्याच्याकडे एक शेड आणि एक खटारा टेम्पो होता, आता दोन कारखाने आहेत. तो मला सापडला तो नोकरीत असताना, तपासणीला गेलो होतो तेव्हा. उचलेन ती बाटली रेघेपर्यंत भरलेली. वजनमाप खात्यात जन्म काढला, पण असा माणूस पहिल्यांदाच बघितला. रिटायर झालो आणि तिघांना घेऊन त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, चार नावं नकोत, एकच द्या. माझं दिलं. ज्याने आयुष्यभर लोकांची मापं तपासली त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

नियम दोनच, दोन्ही मी केलेले. विकायचं तर चौघांच्या एकमताने. आणि मध्येच कुणाला बाहेर पडायचं असेल, तर बाकीच्यांनी त्याचा हिस्सा गेल्या मार्चच्या भावाने घ्यायचा. कंपनीचा हिशेबनीस दर मार्चला भाव ठरवतो, तोच धरायचा. म्हणजे घासाघीस नाही आणि फसवाफसवीही नाही.

आज विषय असा की एक मोठा वितरक आमचे सगळे शेअर घ्यायला तयार आहे. भावही बरा देतोय.

"दादा, विकूया रे आता," धाकटी छताकडे बघत म्हणाली. "दुपटीच्या वर गेलेत."

"चौपट होतील."

"चौपट वर घेऊन जाऊ का मी?"

बाई म्हणाल्या, "अर्धे विकावेत. अर्धे ठेवावेत." शाळेतही त्या असंच अर्धे मार्क देत असतील. डेंटिस्ट म्हणाला, "वजनमाप म्हणतील ते." वजनमाप म्हणजे मी. एकमत झालं नाही. विषय संपला.

धाकटीने एक घर बघून ठेवलंय. एक खोली, स्वयंपाकघर, खाली स्टेशनरीचं दुकान, रस्त्यावर खिडकी. मेहुणे गेल्यापासून ती भाच्याकडे असते. बंद करून घेतलेल्या बाल्कनीत तिची कॉट आहे, शेजारी वॉशिंग मशीन. मशीन काही दिवसभर चालत नाही. पण हिचं म्हणणं, दाराला कडी नाही. सरकतं दार आहे, त्याला कडी येणार कुठून? आणि पोटच्या मुलाच्या घरात कडी हवी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

शनिवार, १ जुलै

महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे कारखाना. सोडावाल्याने गाडी पाठवली होती. पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी. नवीन तीन चवी कागदी पेल्यांतून पुढे आल्या. मी दुसरीला नाक मुरडलं, तर त्याने सगळ्यांसमोर ती लगेच बाजूला ठेवली. "काकांच्या जिभेवरून गेल्याशिवाय आपली बाटली बाहेर पडत नाही," म्हणाला. पोरं हसली, पण आदराने.

मग भरण्याच्या मशीनपाशी उभा राहिलो. पट्ट्यावरून बाटल्या येतात, मी एखादी उचलतो आणि उजेडाकडे धरतो. रेघेच्या वर. आजपर्यंत एकही कमी सापडली नाही.

घरी आलो तर बायको म्हणते, "तुम्ही ते शेअर मरेपर्यंत विकणार नाही."

"का म्हणून?"

"मग पहिल्या शनिवारी जाणार कुठे?"

काहीही बोलते. धंद्यातलं हिला शून्य कळतं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

धाकटी आली होती. न कळवता. चहा घेतला आणि म्हणाली, आज फ्रिजवर चिठ्ठ्या लागल्या. वरचे दोन कप्पे त्यांचे, खालचा हिचा. "भाज्यांचा ड्रॉवर मात्र सामाईक आहे हं," असं म्हणून स्वतःच हसली. बायको हसली नाही. मी म्हटलं, चांगलं आहे की, शिस्त आहे, आपलं कुठे काय ठेवलंय ते सापडतं.

मग तिने मुद्दा काढला. घरमालक नवीन वर्षापर्यंत थांबायला तयार आहे. पुढे नाही.

"मग मार्चपर्यंत थांब," मी म्हटलं. "मार्चला भाव वाढून येईल. तेव्हा बाहेर पडलीस तरी फायदा."

"गेल्या वर्षीही तू मार्चच म्हणालास."

"आणि वाढला की नाही?"

"वाढला रे बाबा. पण मी तिथेच राहिले ना."

मला तिडीकच आली. हिच्या पैशाचे इतके केले कोणी? मेहुण्यांच्या मागे हिला एक बँकेचा फॉर्म भरता येत नव्हता. मी म्हटलं, उतावळेपणाने कुणाचं भलं झालेलं नाही. जाताना दारात नेहमीसारखं "येते हं दादा" म्हणाली, म्हणजे रागावली नसावी.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

कंबर धरली आहे. बैठक रद्द. लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर



चवी झाल्यावर सोडावाल्याने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. एक अवाढव्य कंपनी आली आहे. सगळी कंपनीच उचलणार, आमच्या हिश्शासकट. बोलणी पक्की होत आली आहेत. भाव ऐकून मी खुर्चीचा हात धरला. गेल्या मार्चच्या साडेचार पट.

"काका, हे तुम्हालाच सांगतोय," तो म्हणाला. "बाहेर फुटलं तर सौदा मोडेल. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

"माझ्याकडून हूं की चूं निघणार नाही," मी म्हटलं.

इतक्या लोकांतून त्याने मला सांगितलं. ज्यांचे माझ्यापेक्षा दसपट पैसे आहेत त्यांनाही माहीत नाही. जेवताना बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय, गालातल्या गालात का हसताय? तिलाही सांगितलं नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

आजचा दिवस अवघड गेला.

धाकटीने पेशंटच्या खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं, मी बाहेर पडते. नियमाप्रमाणे माझा हिस्सा घ्या.

डेंटिस्टने हात वर केले, त्याच्या घराचं बांधकाम चालू आहे. बाई म्हणाल्या, "अहो, थोडं थांबा. गेल्या मार्चच्या भावाने जाणं म्हणजे सरळ नुकसान आहे." आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दर महिन्याला तिकडे जाता. काही कानावर आलंय का?"

मी म्हटलं, "कानावर यायला काय आहे? सोडा खपतोय."

शब्द दिला होता. दुसरं काय म्हणणार? पण मी गप्प बसून राहिलो असंही नाही. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "मार्चपर्यंत थांब." साक्षीला दोघे आहेत. ती म्हणाली, "दादा, काल पहाटे मी झोपलेली असताना जावई आंघोळीचा टॉवेल शोधत आत आले." जावई म्हणजे भाच्याच्या बायकोच्या बहिणीचे यजमान, पाहुणे आलेत. "तू मला एक कारण दे, मी थांबते. नुसतं थांब थांब नको."

कारण माझ्या जिभेवर होतं. देवाशपथ होतं. पण सौदा मोडला असता तर चौघांचंही नुकसान होतं, त्यात तीही आली. मी चष्मा पुसत बसलो.

मग मीच म्हटलं, मी घेतो तुझा हिस्सा. घरातलं घरात राहील. बाई म्हणाल्या, "अस्सं!" बस, एवढंच. त्यांचं ते "अस्सं" मला मुळीच आवडलं नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

मुदत ठेव मोडली. व्याज बुडालं ते बुडालं. धाकटीला नियमाप्रमाणे पैसे दिले, पैसान्‌पैसा, उलट वर थोडे जास्तच. तिने मोजलेही नाहीत. "तू दिलेस म्हणजे बरोबरच असणार," म्हणाली आणि बायकोच्या गळ्यात पडून रडली. आनंदाने.

बायकोने नंतर विचारलं, "मुदत ठेव मोडून घेण्याइतकं त्यात काय आहे?"

"बहिणीची अडचण," मी म्हटलं.

तेही खरंच आहे. मी नसतं घेतलं तर ती अजून बाल्कनीतच असती.

रविवार, १७ डिसेंबर

धाकटीच्या नव्या घरी गेलो. खिडकीवालं घर काही जमलं नाही, पैसे पुरले नाहीत. त्याच इमारतीत मागच्या बाजूची खोली मिळाली. खिडकी उघडून हात लांब केला की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. मला वाईट वाटलं, पण ती भलतीच खुशीत. "भिंत तर भिंत. माझी आहे ना?"

पुढच्या बाजूचं घर अजून रिकामंच आहे. जिन्यातून जाताना तिने त्याच्या दारावरून सहज हात फिरवला.

मी भेट म्हणून दाराला कडी आणली होती. बाजारातली पत्र्याची नाही, भरीव पितळेची. सुतार बरोबर नेला. पहिल्यांदा वाकडी बसवली, काढायला लावली. दुसऱ्यांदा तिरकी. तिसऱ्यांदा मी स्वतः पट्टी धरून उभा राहिलो तेव्हा सरळ बसली. धाकटीने दहा वेळा लावून काढून बघितली, लहान मुलीसारखी. मग मला बाहेर उभं केलं आणि आतून लावून विचारलं, "ऐकू आली का?" शेजारणींना बोलावून सांगत होती, "हे सगळं दादामुळे."

खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं.

सोमवार, ८ जानेवारी

सोडावाल्याचा फोन. कागद तयार होतायत. अजून कुणाला नाही. ठीक.

धाकटीच्या समोरचं खिडकीवालं घर कुणीतरी घेतलं म्हणे.

रविवार, ३ मार्च

आज उघड सांगायची परवानगी मिळाली. दवाखान्यात मी भाव सांगितला तेव्हा डेंटिस्ट स्वतःच पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडवा झाला. एकमत व्हायला तिघांचंच डोकं हलवायचं होतं. झालं. सहा वर्षांतलं पहिलं एकमत.

बाई आनंदल्या, पण त्यांच्या आनंदातही तपासणी असतेच. "धाकट्या बाईंना तीन महिने कळ काढता आली असती तर!"

"मी सांगत होतो," मी म्हटलं. "तुम्ही दोघं साक्षीला आहात."

"आहोत ना," बाई म्हणाल्या.

शनिवार, १६ मार्च

हे लिहू की नको, असं करत दिवसभर वही उघडली आणि मिटली.

काल कारखान्यात समारंभ होता. सह्या झाल्या होत्या. अंगणात मांडव, खुर्च्या, पट्ट्यावरच्या सगळ्या पोरांना सुट्टी. मी धाकटीलाही बोलावलं होतं. मीच बोलावलं. म्हटलं, पहिल्या दिवसापासून तीही होती, तिलाही बघू दे आपला माणूस किती मोठा झाला. आपला माणूस म्हणजे सोडावाला. की मी? कोण जाणे मनात काय होतं.

तिला भाव कळला होता. बायकोने सांगितला. तरी आली. चांगली साडी नेसून आली. मला म्हणाली, "नशीब रे एकेकाचं. तुझं झालं, म्हणजे माझंच झालं." खोटं नव्हती बोलत. मी तिला ओळखतो.

सोडावाला भाषणाला उठला. कुणाकुणाचे आभार मानले आणि मग माझं नाव घेतलं. मला उभं केलं. म्हणाला, "असा माणूस मिळायला भाग्य लागतं. काकांना मी चार नोव्हेंबरला भावासकट सगळं सांगितलं होतं. चार नोव्हेंबर! आणि आज मार्च. घरातसुद्धा एक शब्द फुटला नाही. असा शब्दाचा पक्का गुंतवणूकदार दाखवा मला!"

टाळ्यांचा नुसता पाऊस. मी हात जोडले. छाती भरून आली होती, खरं सांगतो. सगळीकडे बघून घेतलं. धाकटीही टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, अभिमानाने बघतेय. मग तिच्या टाळ्या मंद झाल्या. मग हात तसेच एकमेकांना चिकटलेले मांडीवर आले. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. समोरच्याचा चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तसं.

बाई तिच्या शेजारी होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी खाली बसलो तर डेंटिस्ट कुजबुजला, "नोव्हेंबर? अरे, हिस्सा तू कधी घेतलास?" मी म्हटलं, सोडा पी.

धाकटी जेवायला थांबली नाही.

रविवार, १७ मार्च

बायको बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. शेवटी मीच म्हटलं, "शब्द दिला होता मी त्याला."

"आणि घेतलंत कशाला मग?" ती म्हणाली. "शब्द दिला होता तर तोंड बंद ठेवायचं. हात कशाला पुढे केलात?"

मी सांगितलं, तिला नड होती. नाहीतर तिला घर मिळालं नसतं. बायकोने एकदाच माझ्याकडे बघितलं. "उसने दिले असते तरी चाललं असतं. बहीणच होती." आणि दिवा मालवून निघून गेली, मी खोलीत असताना.

उसने देता आले असते. हे मला तेव्हा सुचलं नाही. खरंच नाही सुचलं. सुचलं असतं तर दिले असते, असं मला वाटतं.

शनिवार, ६ एप्रिल

गाडी आली नाही. मी आपला पायी गेलो. फाटकावर नवीन गणवेशाचा रखवालदार. म्हणाला, पास? मी म्हटलं, मला सगळे ओळखतात. तो म्हणाला, कोण सगळे? सोडावाल्याचा फोन लागला नाही. पैसे घेऊन तो कुठेतरी फिरायला गेला आहे म्हणतात.

येताना दुकानातून एक बाटली घेतली. उजेडाकडे धरली. रेघेच्या खाली, चांगली बोटभर. लेबल मात्र आता जास्त उंच केलंय, म्हणजे पटकन दिसू नये. दुकानदाराला दाखवली तर म्हणाला, "काका, एवढं कोण बघतं?"

मी बघतो, असं म्हणायला गेलो आणि का कोण जाणे, तोंडातून निघेना.

रविवार, १४ एप्रिल

आज धाकटीकडे गेलो. चेक घेऊन. तिच्या हिश्शाचा जो फरक झाला, तो सगळा. कुणी सांगितलं नव्हतं, माझा मी गेलो. मुदत ठेव मोडल्याने माझं जे व्याज बुडालं तेवढंच त्यातून वजा केलं, आणि तेव्हा वर दिलेले थोडे. हिशेब म्हणजे हिशेब.

तिने दार उघडलं. आत बस म्हणाली. पाणी दिलं. भरलेलं, काठोकाठ. दिवा चालू होता, बाहेर टळटळीत दुपार असून. मी चेक टेबलावर ठेवला. तिने बघितला, सावकाश, आकडा आणि अक्षरं दोन्ही.

"हा पूर्ण फरक नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा हिशेब तपासला.

"मुदत ठेवीचं व्याज... माझं बुडालं ना ते..."

"बरं."

चिडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. मी म्हटलं, "काय ते बोल ना. शिव्या दे हवं तर."

"घेते मी हे," ती म्हणाली. "माझेच आहेत. उपकार नाही मानणार." चेक घडी करून डब्यात ठेवला, झाकण लावलं. मग खिडकीकडे गेली. बाहेर भिंत. "दादा, त्या दिवशी मी कारण मागितलं होतं. पैसे नव्हते मागितले. नुसतं म्हणाला असतास, कारण आहे पण सांगता येत नाही, तरी मी थांबले असते रे. तू म्हणालास म्हणून बाल्कनीत अजून वर्ष काढलं असतं. आधी काढलीच होती ना दोन?"

मी म्हटलं, आता ह्या पैशात खिडकीवालं दुसरं घर बघू आपण. मी बघतो. माझ्या ओळखी आहेत.

"नको," ती म्हणाली. "तू निघ आता."

मी उठलो. दारात थांबलो, चप्पल घालायला वेळ लावला. म्हटलं, आत्ता म्हणेल, ये हं दादा. लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं. ती दार धरून उभी होती, माझ्या चपलांकडे बघत.

दार लागलं. मी जिन्यात उभा होतो. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, स्वच्छ, एका दमात. कुठे अडकली नाही की घासली नाही. मी पट्टी धरून बसवून घेतली होती, सरळच बसली आहे.